टर्मिनलवर मराठी गावांची नावं तुटतात तेव्हा आधी बाइट पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणाऱ्या ताईंकडे सभासदांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली यादी) आहे. त्यात नाव, गाव, तालुका आणि द्राक्षबागेचं क्षेत्र आहे. नोटपॅडमध्ये ती स्वच्छ दिसते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘टाइप’ आज्ञेनं पाहिली की ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या एनची रांग लागते. पॉवरशेलमधून पायथनच्या स्क्रिप्टकडे पाइपनं (एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या हाती देऊन) पाठवली की नुसती प्रश्नचिन्हं येतात. स्क्रिप्टला फाइल थेट उघडायला सांगितली तर ती ‘चारमॅप’ अशी काहीतरी चूक दाखवून थांबते. लिनक्स सर्व्हरवर चढवली तर फाइलच्या नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. त्या विचारतात, फाइल खराब झाली का? आणि सगळी नावं रोमन लिपीत करून टाकली तर सुटेन का?

ताई, फाइल खराब झालेली नाही. नोटपॅड ती नीट दाखवतंय, म्हणजे आतले बाइट, अक्षरांसाठी साठवलेले आकडे, शाबूत आहेत. आणि नावं रोमनमध्ये कृपा करून करू नका. देवळा तालुका इंग्रजीत ज्या स्पेलिंगनं लिहितात त्यावरून परत ‘देवळा’ कोणतंही यंत्र खात्रीनं काढू शकत नाही. वणी गाव आणि वाणी आडनाव रोमनमध्ये एकच होतात, ळ आणि ल एक होतात. तुमच्या सभासदाचं नाव उद्या सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळवायचं आहे. ते देवनागरीत आलं आहे तर देवनागरीतच राहिलं पाहिजे. ते राहू शकतं, त्यासाठी लागणारं सगळं तुमच्या संगणकावर आधीच आहे.

सगळ्यात पहिलं काम: मूळ फाइलची एक प्रत करा, तिला ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण लावा आणि तिला हात लावू नका. हे मी इतक्या आग्रहानं सांगतो कारण मी स्वतः यात पोळलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांच्या नावांची यादी अशीच पडद्यावर तुटलेली दिसली. आम्ही दोघांनी ती ‘दुरुस्त’ करायला घेतली. एका प्रोग्राममध्ये उघडायची, जतन करायची, नाही जमलं की दुसऱ्यात उघडून पुन्हा जतन करायची, असं तीनदा झालं. मूळ यादी पूर्ण ठीक होती, फक्त पडदा चुकत होता. आमच्या तिसऱ्या दुरुस्तीनं मात्र ती खरोखर गेली. मग हजेरीपत्रकं समोर ठेवून चार रात्री नावं पुन्हा टंकली. त्यानंतर बाइट पाहिल्याशिवाय मी कोणतीही मराठी फाइल जतन केलेली नाही.

बाइट पाहायचे म्हणजे काय करायचं? (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत. हेक्समधल्या, म्हणजे सोळाच्या पद्धतीतल्या, आकड्यांचंही तसंच, ए ते एफ इथे देवनागरीत.) विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ लिहून पुढे फाइलचं नाव द्या आणि वरच्या तीन-चार ओळी पाहा. लिनक्सवर ‘हेड’ला वजा-सी ४८ देऊन ते ‘ओडी’कडे पाठवा, ‘ओडी’ला वजा-टी-एक्स-१ हा पर्याय द्या.

‘नाशिक’ हा शब्द घ्या. न, काना, श, पहिली वेलांटी, क, असे पाच संकेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे आणि हे क्रमांक बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत या पट्ट्यातला प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. म्हणून ‘नाशिक’ १५ बाइटांचं होतं: ई० ए४ ए८, ई० ए४ बीई, ई० ए४ बी६, ई० ए४ बीएफ, ई० ए४ ९५. दर तिसऱ्या घराला ई० आणि त्याच्या शेजारी ए४ किंवा ए५ दिसलं की समजायचं, यूटीएफ-८ मधलं निरोगी मराठी. ए५ वाली मंडळी म्हणजे दुसरी वेलांटी, उकार, एकार, ओकार आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण.

फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ दिसलं तर तो बॉम, म्हणजे ‘ही यूटीएफ-८ आहे’ असं सांगणारी चिठ्ठी. एफएफ एफई आणि मग २८ ०९, ३ई ०९ असं दर दुसऱ्या घराला ०९ दिसलं तर ती यूटीएफ-१६ आहे, अक्षरं ठीक आहेत, बांधणी वेगळी. सी३ ए० सी२ ए४ दिसलं तर फाइल एकदा चुकीची वाचून तशीच पुन्हा जतन झाली आहे. तिच्याकडे खाली येतो. आणि ३एफ ३एफ ३एफ दिसलं, किंवा ईएफ बीएफ बीडी पुन्हा पुन्हा दिसलं, तर वाईट बातमी आहे. ३एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह, ईएफ बीएफ बीडी म्हणजे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ते फाइलमध्येच लिहिलं गेलं असेल तर मूळ अक्षर तिथून पुसलं गेलं आहे. कोणतीही युक्ती ते परत आणत नाही, आधीची प्रत शोधावी लागते.

तुमच्या फाइलमध्ये ई० ए४ च निघेल असं मी तुमच्या लक्षणांवरून सांगू शकतो. ते अल्फा कुठून आले ते पाहा. कमांड प्रॉम्प्टवर ‘सीएचसीपी’ एवढंच लिहा. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर बहुधा ४३७ हा आकडा येतो. हे जुन्या आयबीएम पीसीचं कोडपेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर ते सांगणारं कोष्टक. त्यात ई० म्हणजे ग्रीक अल्फा, ए४ म्हणजे नागमोडी रेघेचा लहान एन आणि ए५ म्हणजे तसाच मोठा एन. म्हणजे तुमचे बाइट पडद्यापर्यंत बरोबर पोचले, पण तिथे त्यांचा अर्थ चुकीच्या कोष्टकातून लावला गेला. हेच बाइट विंडोजच्या १२५२ या कोडपेजमधून वाचले तर ई० होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, ए४ होतं चार टोकांचं चलनचिन्ह आणि ए५ होतं जपानी येनचं चिन्ह. त्यामुळे कुणी मला तुटलेल्या मजकुराचा फोटो पाठवला की मी आधी हे पाहतो: अल्फा असतील तर ४३७, येन असतील तर १२५२. चूक कुठल्या दारात झाली ते तेवढ्यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. नावं तुटली तरी स्वल्पविराम, क्षेत्राचे इंग्रजी आकडे आणि इंग्रजी मथळे जागेवर राहतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ची रचना केली तेव्हा जुने १२८ आस्की संकेत (इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं) जसेच्या तसे एका बाइटात ठेवले, आणि बाकी कोणत्याही अक्षराच्या बाइटांत आस्कीचा बाइट येणार नाही अशी काळजी घेतली. म्हणून सीएसव्हीचे रकाने मोडत नाहीत. पण त्यामुळेच चूक उशिरा लक्षात येते, कारण फाइल ‘चालते’.

कमांड प्रॉम्प्टवर उपाय एका ओळीचा आहे: ‘सीएचसीपी ६५००१’. हे यूटीएफ-८ चं कोडपेज. ते त्या खिडकीपुरतं लागू होतं, म्हणून बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) असेल तर तिच्या वरच्या ओळींतच लिहा. बॅच फाइल मात्र बॉमशिवाय जतन करा. बॉम असेल तर पहिल्या आज्ञेला ते तीन बाइट चिकटतात आणि ‘अशी आज्ञा नाही’ असा निरोप येतो.

हे केल्यावर अल्फा जातील आणि कदाचित त्यांच्या जागी रिकामे चौकोन येतील. घाबरू नका, ही प्रगती आहे. चौकोन म्हणजे अक्षर कोणतं हे संगणकाला कळलं आहे, पण फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही. कन्सोलास किंवा लुसिडा कन्सोलमध्ये देवनागरी नाही, आणि जुनी कन्सोल खिडकी शेजारच्या फॉन्टकडून अक्षर मागून आणत नाही. खात्री करायची असेल तर ते चौकोन निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ‘निफाड’, ‘येवला’ उमटलं की समजा फक्त फॉन्टचा प्रश्न उरला. त्यावर उत्तर म्हणजे विंडोज टर्मिनल. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२० मध्ये आली, विंडोज १० वर ते मोफत टाकता येतं आणि विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तेच ठरावीक आहे. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर ते निर्मला यूआयसारख्या देवनागरी फॉन्टकडून घेतं.

आता पॉवरशेलची प्रश्नचिन्हं. इथे थोडं थांबू या, कारण विंडोजसोबत येणारं ५.१ हे पॉवरशेल तीन ठिकाणी तीन वेगळे नियम पाळतं आणि बहुतेक जण इथेच हरतात. फाइल वाचताना बॉम नसेल तर ते तिला जुन्या कोडपेजमधली समजतं, म्हणजे आपल्याकडे १२५२. दुसऱ्या प्रोग्रामकडे पाइपनं मजकूर देताना ते ‘आउटपुट-एन्कोडिंग’ या चलाकडे पाहतं, आणि तिथे ठरावीक किंमत आस्की असते. आस्कीत मराठी अक्षर नाही, म्हणून प्रत्येकाचं प्रश्नचिन्ह होतं. आणि ‘मोठा’ (>) या चिन्हानं फाइलमध्ये लिहिताना ते यूटीएफ-१६ लिहितं.

प्रश्नचिन्हं मोजा, ती बोलतात. ‘नाशिक’च्या जागी ५ प्रश्नचिन्हं आली तर वाचन बरोबर झालं होतं आणि फक्त बाहेर पाठवताना दार अरुंद पडलं. १५ आली तर आधी वाचतानाच प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजला गेला आणि मग वर आस्कीचा फटका बसला. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे १५ येत असतील, कारण ‘गेट-कंटेंट’ला तुम्ही एन्कोडिंग सांगितलं नसणार. तसं असेल तर दोन्ही दुरुस्त्या लागतील: वाचताना वजा-एन्कोडिंग यूटीएफ-८, आणि सत्राच्या सुरुवातीला ‘आउटपुट-एन्कोडिंग’ आणि कन्सोलचं ‘आउटपुट-एन्कोडिंग’ या दोघांना बॉम नसलेल्या यूटीएफ-८ ची किंमत. नाव सारखं असलं तरी ही दोन वेगळी दारं आहेत. पहिलं पॉवरशेल दुसऱ्याला काय देतं ते ठरवतं, दुसरं इतर प्रोग्रामांकडून आलेलं कसं वाचायचं ते ठरवतं. एकच बदलून ‘झालं नाही’ म्हणणारे मला खूप भेटतात. दोन्ही ओळी प्रोफाइल फाइलमध्ये टाकून ठेवा. तुमच्या हातात असेल तर सरळ पॉवरशेल ७ घ्या, त्यात फाइल वाचणं, लिहिणं आणि पाइपनं पाठवणं हे तिन्ही बॉमविना यूटीएफ-८ मध्ये चालतं. आणि ५.१ च्या स्क्रिप्टमध्येच मराठी शब्द असतील तर ती स्क्रिप्ट बॉमसह जतन करा. बॅच फाइलच्या बरोबर उलटा नियम आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

‘मोठा’ चिन्हानं लिहिलेली यूटीएफ-१६ फाइल लिनक्सवर नेली की ‘ग्रेप’ या शोधायच्या आज्ञेला त्यात काहीच सापडत नाही. शब्द डोळ्यांना दिसतो आणि शोधात येत नाही. अशा वेळी लिनक्सची ‘फाइल’ ही आज्ञा लगेच सांगते की ही यूटीएफ-१६ आहे.

पायथनची चूक मला सगळ्यात आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. ती पूर्ण वाचा: ‘चारमॅप’ला बाइट ८डी उलगडता येत नाही, असं ती म्हणते, आणि जागेचा आकडाही देते. ८डी कोण? हलन्ताचे बाइट ई० ए५ ८डी. १२५२ कोडपेजमध्ये पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मराठीत पाहिलं तर ८१ वर पहिला उकार आणि चंद्रबिंदू पडतात, ८डी वर हलन्त, ८एफ वर ए, ९० वर ऐ, ९डी वर झ.

आता आपल्या जिल्ह्याचे १५ तालुके एकेक करून या चाळणीतून काढा. नाशिक, निफाड, दिंडोरी, पेठ, कळवण, बागलाण, देवळा, मालेगाव, चांदवड, नांदगाव, येवला ही ११ नावं काही तक्रार न करता आत जातात, चुकीची वाचली जाऊन. अडतात फक्त चार: इगतपुरी आणि सुरगाणा पहिल्या उकारामुळे, सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर जोडाक्षरामुळे. ‘त्र्यंबकेश्वर’ने सुरू होणारी फाइल असेल तर जागेचा आकडा ५ येतो, कारण त चे तीन बाइट ० ते २ आणि हलन्ताचा तिसरा बाइट पाचव्या घरात. यातला धोका लक्षात घ्या. एखाद्यानं फक्त निफाड आणि दिंडोरीच्या सभासदांवर स्क्रिप्ट तपासली तर ती ‘चालते’. ओळी मोजल्या जातात, बेरजा बरोबर येतात. मग कुणीतरी सिन्नरची यादी जोडतं आणि ती कोसळते, आणि सगळे सिन्नरच्या यादीत दोष शोधतात. दोष पहिल्या दिवसापासून फाइल उघडण्याच्या ओळीत होता.

दुरुस्ती: पायथनमध्ये फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ द्या. फाइल एक्सेलमधून आली असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्या म्हणजे बॉम आपोआप गळतो, नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव दिसायला बरोबर आणि जुळवताना चूक असं होतं. सगळीकडे बदल करणं शक्य नसेल तर ‘पायथनयूटीएफ८’ हे पर्यावरण चल १ करा. ही सोय आवृत्ती ३.७ पासून आहे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच ठरावीक असेल असं ठरलेलं आहे.

एक विचित्र वाटणारी गोष्टही यातच बसते. विंडोजवर पायथन ३.६ पासून पडद्यावर छापताना थेट युनिकोड वापरतं, म्हणून छपाई नीट दिसते. तेच आउटपुट फाइलकडे वळवलं की ते १२५२ कडे जातं आणि पुन्हा ‘चारमॅप’, या वेळी ‘एन्कोड करता येत नाही’ म्हणून. वरचं चल १ केलं की हेही सुटतं.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ खाली सिस्टिम लोकेल बदलायच्या जागी यूटीएफ-८ चा एक बीटा चौकोन आहे. त्याला खूण केली की सगळ्या सिस्टिमचं कोडपेज ६५००१ होतं. बरेच जण पहिला उपाय हाच सांगतात. कंपनीच्या संगणकावर मी तो आधी सुचवणार नाही. जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरं आणि जुन्या पद्धतीची मराठी टायपिंगची साधनं १२५२ च्या वरच्या अर्ध्या घरांवर उभी असतात, ती घरंच या खुणेनं निघून जातात. एका संगणकावर करून आठवडाभर पाहा, मग ठरवा.

लिनक्सच्या सर्व्हरवर जे दिसलं ते सगळ्यात सोपं आहे. ३४०, २४४ हे आकडे अष्टमान पद्धतीतले ई० आणि ए४ च आहेत. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला वाटलं की ही अक्षरं छापण्याजोगी नाहीत, म्हणून त्यानं सावधपणे बाइट लिहून दाखवले. त्याला तसं वाटलं कारण तुमच्या सत्राचं लोकेल (भाषा आणि एन्कोडिंग ठरवणारी सेटिंग) ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ आहे. ‘लोकेल’ ही आज्ञा द्या आणि खात्री करा. ‘लोकेल’ला वजा-ए दिलं की सर्व्हरवर काय काय उपलब्ध आहे ते दिसतं. तिथे सी-डॉट-यूटीएफ-८ असेल तर ‘लँग’ चलाला तीच किंमत द्या, निरोप इंग्रजीत राहतील आणि मराठी नीट दिसेल. काही सर्व्हरवर लॉगिन करतानाच ‘लोकेल बदलता आलं नाही’ असा इशारा येतो. तुमचा संगणक एसएसएच या सर्व्हरशी जोडणाऱ्या सोयीतून स्वतःचं लोकेल पुढे पाठवतो आणि सर्व्हरवर ते तयार केलेलं नसतं, म्हणून. मॅकवरून जाणाऱ्यांना हे जास्त भेटतं, कारण तिथून नुसतं ‘यूटीएफ-८’ अशी किंमत जाते, जी लिनक्सला ओळखीची नाही.

फाइल वाचायच्या ‘लेस’ या आज्ञेत कोनी कंसात ई०, ए४ दिसत असतील तर तेही हेच कारण. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं ‘गिट’ मात्र लोकेल बरोबर असूनही मराठी फाइलनावं आकड्यांत दाखवतं. त्यासाठी ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे ‘फॉल्स’ करा.

आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी लिनक्सची सोय. हातानं चालवली तर चालणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून पडते, कारण क्रॉनला तुमची ‘लँग’ किंमत मिळत नाही. स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीतच ती स्पष्ट लिहा. कंटेनरमध्येही तसंच.

एवढं सगळं केल्यावर मराठी दिसेल, पण कदाचित सुंदर दिसणार नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसेल, जोडाक्षर फुटेल, रकाने वाकडे होतील. इथे दोष तुमचा नाही, फाइलचाही नाही. टर्मिनल मुळात एका अक्षराला एक घर या हिशेबानं बांधलं गेलं आहे. ‘त्र्यंबकेश्वर’ पाहा: ३९ बाइट, १३ संकेत, मात्रा आणि हलन्त यांना शून्य रुंदी देणाऱ्या जुन्या हिशेबानं ८ घरं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला ५ अक्षरं. चौघे चार आकडे सांगतात. बॅशचं ‘प्रिंटएफ’ बाइट मोजतं. २० ची रुंदी दिली तर ‘नाशिक’पुढे ते ५ मोकळ्या जागा टाकेल, ‘त्र्यंबकेश्वर’पुढे एकही नाही. ‘ऑक’ या मजकूर हाताळणाऱ्या आज्ञेचे दोन अवतार पाहा: ‘गॉक’ला नाशिकची लांबी विचारली तर ५ सांगतं, ‘एम-ऑक’ १५. म्हणून मराठी तक्ता टर्मिनलवर जागा मोजून सरळ करायच्या मागे लागू नका. रकान्यांमध्ये टॅब ठेवा आणि छापायचा तक्ता एचटीएमएल करून ब्राउझरमध्ये उघडा. लिनक्सवर वाचायलाच हवं असेल तर कॉन्सोल (रोमनमध्ये ‘के’नं सुरू होणारं) आणि एमएलटर्म ही दोन टर्मिनलं देवनागरीला बरीच न्याय देतात.

आता खास मराठीत येणारी एक अडचण, जिच्याबद्दल इंग्रजीतली मार्गदर्शनं सहसा बोलत नाहीत. सगळं नीट दिसतं आहे, तरी ‘ग्रेप’ला ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द अर्ध्याच ओळींत सापडतो. कारण त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग य. डोळ्याला दोन्ही एकच. बाइट मोजले तर एक ९ चा, एक १२ चा. तसंच ‘ॲग्रो’चं. ॲ हा संकेत युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधीची आणि अनेक कीबोर्डांवरची सवय म्हणजे अ आणि वर चंद्र, दोन वेगळे संकेत. तुमच्या यादीत ‘ॲग्रो’ नावाच्या संस्था दोन्ही प्रकारे असतील याची मला जवळजवळ खात्री आहे, आणि त्यामुळे एकच संस्था दोनदा मोजली जात असेल. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, या दोन्ही जोड्यांना एक करत नाही. तुम्हालाच यादी आत येताना ‘सेड’ या शब्द बदलणाऱ्या आज्ञेनं किंवा पायथनमध्ये दोन बदल करून घ्यावे लागतील. मी नेहमी ऱ आणि ॲ या स्वतंत्र संकेतांकडे वळवतो. एनएफसी तरीही चालवा, कारण जुन्या मॅक डिस्कवरून आलेल्या फाइलनावांत ऱ फुटून र आणि नुक्ता असा झालेला असतो, आणि ते मात्र एनएफसी जोडून देतं.

राहिली ती सी३ ए० सी२ ए४ वाली, दोनदा शिजलेली फाइल. बहुधा बॉमशिवायची यूटीएफ-८ फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली, येन आणि चलनचिन्हं दिसत असताना ती ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केली, की ही जन्मते. १५ बाइटांचं ‘नाशिक’ ३१ बाइटांचं होतं. ही बहुतेक वेळा परत आणता येते. सगळे सांगतात की ‘आयकॉन्व’ या एन्कोडिंग बदलणाऱ्या आज्ञेनं यूटीएफ-८ मधून १२५२ मध्ये न्या, मूळ बाइट मिळतील. निफाडसाठी मिळतात. सिन्नरला आयकॉन्व अडतं, कारण ८डी चं घर १२५२ मध्ये रिकामं आहे, ते वर सांगितलंच. त्यासाठी पायथनमध्ये ‘एफटीएफवाय’ नावाचं ग्रंथालय आहे. ते या रिकाम्या घरांना सवलत देणारं १२५२ वापरतं, आणि मराठीसाठी नेमकी तीच सवलत लागते. काम प्रतीवर करा आणि झाल्यावर तालुक्यांच्या १५ नावांशी रकाना जुळवून पाहा.

आणि फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली, ई० कुठेच नाही, तर ती शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल. तिथे एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. अक्षरं खरोखर इंग्रजीच आहेत, फक्त चित्रं मराठी होती. कोडपेज बदलून त्यात काही होणार नाही. त्या नेमक्या फॉन्टचा परिवर्तक शोधायचा, आणि निघालेला मजकूर माणसानं डोळ्याखालून घालायचा.

तुम्ही आज एवढंच करा: प्रत काढा, पहिले ४८ बाइट पाहा, विंडोज टर्मिनलमध्ये ६५००१ लावून ‘टाइप’ करा, आणि पायथनच्या त्या एका ओळीत एन्कोडिंग लिहा. तरीही अडलं तर मला पडद्याचा फोटो पाठवू नका. बाइटांच्या तीन ओळी, ‘सीएचसीपी’चा आकडा आणि ‘नाशिक’च्या जागी किती चिन्हं आली ती संख्या, एवढं लिहून पाठवा. सभासदांची नावं आणि क्षेत्र त्यातून काढून टाका, मला फक्त तालुक्याचा रकाना पुरेल.